दोन संग्रह, एक वाद्य

संग्रहाची समीक्षा करता येते काय, असा प्रश्न या पत्रिकेच्या वाचकांपैकी कोणी आम्हांस विचारील. काव्यसंग्रहाची आपण करतो, कथासंग्रहाची करतो. परंतु एखाद्या कलावंताने आयुष्यभर बाळगलेल्या, वाजविलेल्या, प्रसंगी स्वतः घडविलेल्या वाद्यांचा संग्रह हा वाङ्मयीन विवेचनाचा विषय कसा व्हावा? आमचे उत्तर असे की, जेथे निवड आहे तेथे दृष्टी आहे, आणि जेथे दृष्टी आहे तेथे तिची चिकित्सा शक्य आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वाद्यांसमोर उभे राहणाऱ्या ज्या प्रेक्षकास ठाऊक असते की, हे सारे कवी ‘अज्ञातवासी’ यांनी जमविले आणि अकाली गेलेल्या मुलाचे नाव त्यास दिले, तो त्या वाद्यांकडे निराळ्या नजरेने पाहतो. वस्तूंमागे माणूस दिसू लागला की संग्रह वाचता येतो.

आज जे दोन संग्रह वाचावयाचे आहेत ते आपल्यापासून फार दूरचे आहेत. अमेरिकेच्या पूर्व भागात ॲपलॅशियन नावाची जुनी पर्वतराजी आहे. तिच्या दऱ्याखोऱ्यांत अठराव्या शतकापासून इंग्रज, स्कॉट, उत्तर आयर्लंडमधून आलेले आणि जर्मन असे वसाहतवाले येऊन राहिले. त्या डोंगरांत घडलेले एक साधे तंतुवाद्य म्हणजे माउंटन डल्सिमर. जॉन जेकब नाईल्स आणि जीन रिची हे दोघेही केंटकी राज्याचे, दोघेही गायक, दोघांचेही नाव या वाद्याशी कायमचे जोडलेले. परंतु एकाच वाद्याशी दोघांनी जे केले ते परस्परांहून इतके भिन्न आहे की, परंपरा जपणे म्हणजे नेमके काय, हा जुना प्रश्न त्यातून नव्याने उभा राहतो. मुलुख सोडून पिढ्यान्‌पिढ्या परप्रांतात राहिलेल्या घराण्यांना तो प्रश्न परका वाटू नये.

प्रथम वाद्याची ओळख. डल्सिमर या नावाचे दुसरेही एक वाद्य पाश्चात्त्य संगीतात आहे. ते काड्यांनी वाजवितात आणि ते आपल्या संतूरच्या कुळातले. डोंगरी डल्सिमरचा त्याच्याशी नावापलीकडे संबंध नाही. हे सुमारे तीन फूट लांबीचे, अरुंद, पोकळ लाकडी वाद्य. केंटकीकडे त्याचा आकार मध्ये निमुळता, वाळूच्या घड्याळासारखा असतो. माथ्यावरून लांबच लांब पट्टी गेलेली, तीवर पडदे बसविलेले आणि जुन्या पद्धतीत तीन तारा. वादक ते मांडीवर आडवे घेतो, डाव्या हातातील छोट्या काडीने बाजाची तार दाबतो आणि उजव्या हातातील पिसाने तिन्ही तारा छेडतो. बाजाच्या तारेवर चाल वाजते, उरलेल्या दोन तारा एकच सूर अखंड धरून राहतात. तंबोऱ्याच्या सुरात वाढलेल्या आपल्या कानांना त्यात काही चुकल्यासारखे वाटत नाही. पुष्कळशा जुन्या वाद्यांत पडदे फक्त बाजाच्या तारेखाली असत, कारण इतर तारा दाबावयाच्याच नव्हत्या.

पडद्यांची रचना तर आपल्या संगीतज्ञांना विशेष रुचेल. बारा स्वरस्थाने त्यावर नाहीत, सप्तकातील सातच स्वरांचे पडदे आहेत. मोकळी तार षड्ज धरली तर कोमल निषादाची, म्हणजे आपल्या खमाज थाटाची स्वरावली मिळते. तिसऱ्या पडद्यावर षड्ज मानला तर बिलावल, पहिल्यावर मानला तर आसावरी, चौथ्यावर काफी. पडदे तेच, षड्ज मात्र हलतो. त्याला अनुसरून बाजाची तार पुन्हा मिळवून घ्यावी लागते. ज्यास आपण मूर्च्छना म्हणतो तिचे तत्त्व त्या डोंगरातील शेतकऱ्याने कोणत्याही ग्रंथावाचून लाकडात बसविले होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वादकांनी सहाव्या आणि सातव्या पडद्यांच्या मध्ये एक जादा पडदा बसविला. तोच ‘साडेसहावा’ पडदा. त्यामुळे मोकळ्या तारेवरही शुद्ध निषाद मिळू लागला आणि पुन्हा पुन्हा तार मिळविण्याचा खटाटोप वाचला. जुन्या मताच्या लोकांना तो पडदा आजही खटकतो. एका पडद्याने परंपरा बुडते काय, या वादाकडे आम्ही पुढे येणारच आहोत.

या वाद्याचे मूळ कोठले? डोंगरातील लोक स्वतःस स्कॉट-आयरिश वंशाचे मानीत आणि वाद्यही आपल्या पूर्वजांनी समुद्रापलीकडून आणले असे समजत. परंतु ब्रिटिश बेटांत अशा घडणीचे जुने लोकवाद्य आढळत नाही. ते आढळते जर्मन प्रदेशात. तेथील ‘शाइटहोल्ट’ या लांबट पेटीसारख्या वाद्याची नोंद मिखाएल प्रेटोरिउस या पंडिताने 1619 मध्ये केली, आणि तीही त्यास भिकार वाद्यांत गणून. पेनसिल्व्हेनियात आलेल्या जर्मन वसाहतवाल्यांबरोबर ते अमेरिकेत आले, दक्षिणेकडे डोंगरांच्या खोऱ्यांतून उतरले आणि शेजारच्या स्कॉट-आयरिश घरांत त्याने रूप बदलले. म्हणजे एका समाजाने ज्यास वाडवडिलांचा ठेवा म्हटले, तो प्रत्यक्षात शेजाऱ्याकडून घेतलेला होता. या गोष्टीने त्या ठेव्याचे मोल कमी झाले असे आम्हांस वाटत नाही. उलट, वाद्य येथवर पोहोचले ते एका हातातून दुसऱ्या हातात जाण्याच्या गुणामुळेच, हे त्यावरून स्पष्ट होते. दोन्ही संग्रहांना लावावयाची कसोटी आम्ही याच गुणातून घेतली आहे.

जॉन जेकब नाईल्स यांचा जन्म 1892 मध्ये लुइव्हिल येथे झाला. पहिल्या महायुद्धात ते विमानदलात होते. युद्धानंतर फ्रान्समध्ये त्यांनी संगीताचे शिक्षण घेतले. केंटकीतील आणि आसपासच्या डोंगरांतील गाणी त्यांनी हिंडून टिपून घेतली, आणि पुढे रंगमंचावर अतिशय उंच, जवळजवळ स्त्रीस्वरात ती गायिली. साथीसाठी त्यांनी डल्सिमर निवडले, परंतु स्वतःच्या हातांनी घडविलेले. त्यांची ही वाद्ये आज लेक्सिंग्टन येथील केंटकी विद्यापीठात, त्यांच्याच नावाच्या संगीतकेंद्रात ठेवलेली आहेत.

या वाद्यांविषयी पहिली गोष्ट लक्षात येते ती त्यांच्या आकाराची. डोंगरातील सडपातळ वाद्याशी त्यांचे साम्य थोडे. ती मोठी आहेत, भारदस्त आहेत, त्यांवर कोरीवकाम आहे. काहींची ठेवण चेलोच्या जवळ जाते. तारांची संख्या वाढलेली. डोंगरातला वादक डल्सिमरवर चाल वाजवीत असे. नाईल्स यांना चाल वाजवावयाची नव्हती, ती त्यांचा कंठ सांगत होता. त्यांना हवी होती कंठाखाली पसरणारी गंभीर, घुमणारी स्वरसंगती. त्यासाठी जे लाकूड, जो आकार, ज्या तारा आवश्यक वाटल्या त्या त्यांनी घेतल्या. या दृष्टीने पाहिले तर हा संग्रह एका कलावंताच्या कानाचे प्रामाणिक चरित्र आहे. आपला आवाज ओळखून त्यास साजेसे वाद्य निर्माण करणे ही सामान्य गोष्ट नव्हे, आणि केवळ परंपरेला सोडून आहे म्हणून त्या वाद्यांना नाके मुरडणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही.

मात्र याच संग्रहाची मर्यादाही येथेच आहे. ही वाद्ये एका कंठासाठी घडली. 1980 मध्ये तो कंठ थांबला आणि वाद्यांचे प्रयोजनही थांबले. त्यांवर पुढे कोणी वाजवू शकणार नाही असे नव्हे. परंतु त्यांच्यापासून दुसरी वाद्ये निपजली नाहीत. शेजारच्या सुताराने एक पाहून दुसरे करावे असे त्यांत काही नव्हते. ती अंगच्या मापाने शिवलेल्या अंगरख्यासारखी आहेत. दुसऱ्याच्या अंगास ती बसत नाहीत.

नाईल्स यांच्या गीतरचनेतही हाच पेच दिसतो. 1933 मध्ये उत्तर कॅरोलिनातील मर्फी या गावी एका गरीब मुलीच्या तोंडून त्यांनी गाण्याचा एक तुकडा ऐकला. त्यावरून त्यांनी रचलेले ख्रिस्तजन्माचे गीत पुढे जगभर पोहोचले, ते पुष्कळांच्या समजुतीप्रमाणे लोकगीत म्हणून. मग ते आपले आहे हे सांगण्याची वेळ नाईल्स यांच्यावर आली. जे स्वतः रचले त्यास त्यांनी डोंगराचा वास दिला, आणि तो वास इतका खरा निघाला की रचणाराच हरवला. आमच्या मते त्यांच्याकडे बोट दाखवावयाचे ते याच ठिकाणी. नवे निर्माण करण्यात दोष नाही. नवे कोणते आणि ऐकलेले कोणते ही सीमा पुसट ठेवण्यात आहे. त्यांची वाद्ये त्यांच्या गाण्यांहून अधिक सत्यवादी आहेत, कारण ती नवी आहेत हे एका दृष्टिक्षेपात कळते.

जीन रिची यांचा मार्ग निराळा. त्यांचा जन्म 1922 मध्ये केंटकीच्या पूर्व टोकाला पेरी परगण्यातील व्हायपर या गावी, चौदा भावंडांत शेवटचा. घर गाणाऱ्यांचे. इंग्लंडमधील लोकगीतांचे संग्राहक सेसिल शार्प 1917 मध्ये जवळच्या हिंडमन गावी आले, तेव्हा रिची कुळातील मुलींकडूनच त्यांनी गाणी उतरवून घेतली होती. वडील बॅलिस रिची डल्सिमर वाजवीत, आणि मुलांना त्यास हात लावण्याची मनाई होती. चार-पाच वर्षांच्या जीनने ती मोडली. चोरून वाद्य घेऊन तिने एक बालगीत तारेवर शोधून काढले. पुढे वडील शिकवावयास बसले तेव्हा मुलीला बरेचसे येतच होते.

रिची यांच्या आयुष्यात आलेली वाद्ये पाहिली तर प्रत्येकामागे एक माणूस उभा दिसतो. वडिलांचे वाद्य हे पहिले. दुसरे जेथ्रो ॲम्बर्गी यांच्या हातचे. ॲम्बर्गी हे रिची यांचे आप्त, हिंडमनच्या शाळेत लाकूडकामाचे शिक्षक. त्यांनी हे काम नॉट परगण्यातील जेम्स एडवर्ड टॉमस यांच्याकडून घेतले होते. 1850 मध्ये जन्मलेल्या या टॉमस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शेकड्यांनी डल्सिमर केले. मधोमध निमुळता आकार आणि हृदयाच्या आकृतीची ध्वनिछिद्रे ही केंटकीच्या वाद्याची आज परिचित वाटणारी ठेवण त्यांच्या हातून स्थिर झाली. तिसरे वाद्य रिची यांचे पती, छायाचित्रकार जॉर्ज पिकाव यांचे. पिकाव न्यूयॉर्कचे, डोंगराशी त्यांचे नाते लग्नाने जुळलेले. ॲम्बर्गी यांच्याकडून आलेले वाद्य पाहून त्यांनी स्वतः एक केले. मागणी येऊ लागली तेव्हा ॲम्बर्गी केंटकीहून अर्धवट घडविलेली वाद्ये पाठवीत, पिकाव न्यूयॉर्कमध्ये ती पुरी करीत आणि जीन तारा मिळवीत. पुढे ब्रुकलिनमध्ये, विल्यम्सबर्ग पुलाखाली, त्यांची स्वतःची कार्यशाळाच सुरू झाली.

टॉमस यांच्याकडून ॲम्बर्गींकडे, ॲम्बर्गींकडून पिकाव यांच्याकडे, आणि तेथून महानगरातील कोणा अनोळखी तरुणाच्या मांडीवर: हा क्रम लक्षात घेतला म्हणजे रिची यांच्या संग्रहाचे मर्म कळते. तो दालनात मांडून दाखविण्याजोगा नाही, कारण त्याचा मोठा भाग त्यांनी देऊन टाकला. 1963 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘द डल्सिमर बुक’ या पुस्तकाचे स्वरूपही तसेच आहे. तारा कशा मिळवाव्यात, काडी कशी धरावी, पीस कसे चालवावे, हे ते सांगते; आणि सोबत पेरी व नॉट परगण्यांतील या वाद्याच्या आठवणीही नोंदविते. विद्वत्तेचा आव त्यात नाही. पाहुण्यास ओसरीवर बसवून गृहिणीने सांगावे तसा त्याचा सूर आहे. पुढे, 1983 मध्ये, एल. ॲलन स्मिथ यांनी जुन्या डल्सिमरांची जी शास्त्रीय सूची प्रसिद्ध केली तीत वाद्ये मोजली गेली, त्यांचे प्रकार लावले गेले. अभ्यासकास ती अधिक उपयोगी आहे हे निःसंशय. परंतु सूचीने वाद्य कळते, आणि रिची यांच्या पुस्तकाने ते वाजू लागते.

असे असले तरी रिची यांना देव्हाऱ्यात बसविण्याचे कारण नाही. त्यांच्या कार्यामुळे एक समजूत पसरली, की डोंगरातील प्रत्येक झोपडीत डल्सिमर होते आणि जुनी कथागीते त्याच्याच साथीने गायिली जात. वस्तुतः ही गीते बहुशः साथीवाचून गात. डल्सिमर काही परगण्यांत होते, काहींत मुळीच नव्हते. शहरी श्रोत्याला एक पुरातन, निष्कलंक डोंगर हवा होता, आणि काही अंशी तो त्यांनी त्यास मिळू दिला. दुसरी गोष्ट हक्काची. त्यांच्या घरात गायिले जाणारे ‘नॉटमन टाउन’ हे गीत त्यांनी आपल्या कुटुंबाचे म्हणून नोंदविले होते. बॉब डिलन यांनी 1963 मध्ये ‘मास्टर्स ऑफ वॉर’साठी त्याची चाल वापरली तेव्हा रिची यांनी हरकत घेतली आणि प्रकरण तडजोडीने मिटले. त्यांची बाजू आम्हांस कळते. डोंगरातील गरिबांचे धन शहराने विनामूल्य उचलावे हे कोणास रुचेल? तरीही गीत कुटुंबाचे आणि वाद्य मात्र सर्वांचे, हा भेद त्यांनाही पुरता उलगडता आला नाही, असे म्हणणे भाग आहे.

तरीसुद्धा कसोटीवर रिची यांचे पारडे जड ठरते, आणि याचा पुरावा अलीकडच्या एका दुर्दैवी घटनेत आहे. हिंडमन गावातून एक ओढा वाहतो. त्याचे नावच ‘ट्रबलसम’, म्हणजे त्रासदायक. 28 जुलै 2022 रोजी त्यास आणि आसपासच्या ओढ्यांना भयंकर पूर आला. पूर्व केंटकीत 40 हून अधिक माणसे गेली. 1902 मध्ये स्थापन झालेल्या हिंडमनच्या शाळेचा दप्तरखाना भिजला. जुनी छायाचित्रे, पत्रे, कागद चिखलातून काढून वाळवावे लागले. गावातील वाद्यनिर्मितीच्या शाळेत पाणी शिरले आणि वाद्यांची हानी झाली. काचेच्या कपाटातील वस्तूस पूर ओळखत नाही. परंतु टॉमस यांची ठेवण त्या पाण्यात बुडाली नाही, कारण ती एव्हाना हजारो घरांत, हजारो हातांत होती. चिखल उपसल्यावर गावातील कारागीर पुन्हा कामास बसले. त्यांना वाद्य कसे करावे हे शोधावे लागले नाही.

नाईल्स यांची वाद्ये लेक्सिंग्टनमध्ये सुरक्षित आहेत, आणि ती तशीच राहोत. एका विलक्षण माणसाची ती साक्ष आहे. परंतु त्यांना कधी इजा पोहोचली तर ती पुन्हा करता येणार नाहीत. साडेसहाव्या पडद्याच्या वादाचे उत्तरही आम्हांस येथेच मिळते. तो पडदा बसवूनही वाद्य पुढच्या हातात जाते. किंबहुना त्यामुळे अधिक सहज जाते. ज्या बदलानंतर दुसऱ्यास ते शिकता येते, करता येते, तो बदल परंपरेच्या पोटातलाच. ज्या बदलाने वस्तू एकाच्याच उपयोगाची उरते, तो कितीही सुंदर असला तरी तेथे वाट संपते.

आता आपल्या घराकडे वळू. शिंदे, होळकर, गायकवाड यांच्या आश्रयाने ज्या घराण्यांनी मुलुख सोडला, त्यांपैकी पुष्कळांच्या माजघरात एक तंबोरा खुंटीला टांगलेला असे. अनेकांकडे तो अद्याप आहे. बहुधा मिरजेचा. आपण त्यास घरचा ठेवा म्हणतो, दसऱ्याला त्याची पूजा करतो. तो घडविला मिरजेच्या मुसलमान शिकलगारांनी. शस्त्रांना धार लावणारे ते कारागीर एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळले आणि सितारमेकर या नावाने प्रसिद्धी पावले. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आपणांस आनंद झाला. परंतु मानांकनाने नाव राखले जाते; गवसणीत गुंडाळलेल्या तंबोऱ्याच्या तारा त्याने मिळत नाहीत. स्कॉट-आयरिश घरात जर्मन वाद्य नांदले, तसा हा आपल्या घरात शेजाऱ्याच्या हातचा ठेवा नांदला आहे. इंदुरात आपल्या पोह्यांवर शेव पडली तेव्हा कोणी सुतक पाळले नाही. ते पोहे शेजाऱ्यांच्या घरी गेले आणि म्हणून टिकले. भाषेचे, गाण्याचे, वाद्याचे भवितव्य याहून निराळे असेल असे मानण्यास आम्हांस आधार सापडत नाही.

बॅलिस रिची यांनी मुलांना वाद्यास हात लावू नका असे बजावले होते. त्यांचा हेतू वाईट नव्हता. मोलाची वस्तू मुलांच्या हाती फुटेल ही भीती प्रत्येक घरात असते, आपल्याही घरांत आहे. जीन रिची 2015 मध्ये गेल्या. त्यांनी जे जपले ते सारे बालपणी मोडलेल्या एका आज्ञेतून आले होते. आपल्या माजघरातील खुंटीकडे एखादे मूल हात लांबवू लागले, तर त्यास अडविण्यापूर्वी आपण क्षणभर थांबावे, एवढीच या विवेचनाची विनंती.